वाघ आडवा, अर्ज उभा

आमच्या केळापूर तालुक्यात आडव्या वस्तूंना तोटा नाही. नागपूरकडून येऊन हैदराबादकडे निघालेला ४४ नंबरचा हायवे आडवा पसरला आहे. खाली तेलंगणाच्या शिवेवर पैनगंगा आडवी आहे. टिपेश्वरचा वाघ आडवा आहे, आणि पर्यटकांच्या जिप्सीला तो जातोही आडवाच. पण तालुक्याचा कारभार चालतो तो सगळा उभ्या वस्तूंवर. सातबारा उभा, फेरफार उभा, खरेदीखत उभं, उत्पन्नाचा दाखला उभा, आणि तो दाखला न्यायला आलेला माणूस तर सकाळी दहापासून उभा.

मी अर्जनवीस, म्हणजे उभ्या कागदावर पोट भरणारा माणूस. तालुक्याचं नाव केळापूर, पण तहसील पांढरकवड्याला. नवखा माणूस नाव वाचून केळापूरला उतरतो. तिथे त्याला जगदंबा भेटते, तहसीलदार भेटत नाहीत. मग देवीला हात जोडून तो पांढरकवड्याला येतो आणि टिनाच्या शेडखाली माझ्या टेबलासमोर उभा राहतो. इसारपत्र, वाटणीपत्र, हक्कसोड, प्रतिज्ञापत्र, जे लागेल ते मी लिहून देतो. वडिलांचाही हाच धंदा. त्यांच्याकडे गोदरेजचा मराठी टाइपरायटर होता. गोदरेजने आपल्या देशातला पहिला टाइपरायटर १९५५ साली बनवला, तेव्हापासून कचेऱ्यांच्या आवारांत जो खडखडाट सुरू झाला, त्यात वडिलांचाही वाटा होता. त्या यंत्राला पडदा नव्हता. जो कागद लिहायचा, तोच नाकासमोर उभा. जेवढा आहे तेवढा दिसायचा, आणि वरचं वाचायला मान वर केली की पुरायचं.

माझ्या काळात टाइपरायटर गेला आणि सेकंडहँड लॅपटॉप आला. एखाद्या कंपनीतून निकालात निघालेला, काळा, जड आणि चौकोनी. चौकोनी पडदा, चारास तीन असा. त्यावर मी अर्ध्या तालुक्याची भावकी वेगळी केली. गेल्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडत असताना त्याने माझ्या टेबलावरच देह ठेवला, आणि नवा घेण्यासाठी मला नागपूर गाठावं लागलं.

दुकानातला पोरगा मोठा उत्साही होता.

"सर, हा घ्या. बिझनेस सिरीज. चौदा इंच, फुल एचडी, वाइड स्क्रीन. पिक्चर काय दिसतो म्हणून सांगू!"

"मला खरेदीखत पाहायचं आहे."

"तेही एचडीत दिसेल, सर."

"माझा लीगल कागद चौदा इंच उंच असतो. तुमचा लॅपटॉप चौदा इंचाचा. म्हणजे कागद नेमका बसायला पाहिजे."

पोराने माझ्याकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं, आणि म्हणाला, "स्क्रोल करायचं ना, सर."

मी रिकाम्या हातानेच परतलो. तर या चौदा इंचांची भानगड अशी आहे. ही पडद्याची उंची नाही आणि रुंदीही नाही. हा कर्ण आहे. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप तिरपी धरायची आणि जो आकडा येईल तो खोक्यावर छापायचा. आमच्याकडे कुणी असं वावर विकून दाखवावं! "धुऱ्यावरच्या बाभळीपासून पलीकडच्या विहिरीपर्यंत तिरपं चारशे फूट भरते, बोला काय देता?" असं म्हणणाऱ्याला लोक आधी पाणी पाजतील आणि मग दवाखान्यात नेतील. जमीन हेक्टर-आरमध्ये मोजतात, कारण पीक क्षेत्रावर येतं, तिरप्या रेषेवर येत नाही. टिपेश्वर अभयारण्यसुद्धा १४८ चौरस किलोमीटरचं आहे असंच सांगतात. वाघाला कर्ण सांगून भागत नाही.

म्हणून मी लॅपटॉपची मोजणी केली. चौदा इंच कर्णाचा चारास तीन आकाराचा चौकोनी पडदा ११.२ इंच रुंद आणि ८.४ इंच उंच भरतो. क्षेत्र ९४ चौरस इंच. तोच चौदा इंची पडदा सोळास नऊ असा रुंद केला की रुंदी होते १२.२ इंच, पण उंची ६.९ इंचांवर येते आणि क्षेत्र राहतं ८४ चौरस इंच. म्हणजे एक इंचभर बाजूला वाढवून दिलं, दीड इंच डोक्यावरून काढून घेतलं, आणि एकूण जमिनीतला शेकडा अकरा हिस्सा सातबाऱ्यावरून गायब. खोक्यावर मात्र चौदा ते चौदाच. कर्ण कायम ठेवून असंच वावर बारीक करत नेलं, तर शेवटी खरेदीदाराच्या हाती नुसता धुरा राहील, आणि तरी विकणारा छातीठोकपणे सांगेल की बाभळीपासून विहिरीपर्यंतचं अंतर मोजून घ्या, एक इंच कमी भरलं तर पैसे परत.

इतकी जमीन गेली म्हटल्यावर जुने फेरफार काढून पाहणं आलंच. पहिली नोंद सापडते अमेरिकेत, १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला. एडिसनच्या प्रयोगशाळेतल्या डिक्सन नावाच्या माणसाने ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका चित्राला कडेच्या चार भोकांची उंची दिली, आणि चारास तीन हा आकार जन्माला आला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला तो याच चौकटीत. पुढे टीव्हीला हा आकार वारसाहक्काने मिळाला. १९८७ सालचं रामायण आम्ही सगळ्या गल्लीने ज्या टीव्हीला हार घालून पाहिलं, तो चारास तीनच होता. आज तीच मालिका नव्या रुंद टीव्हीवर ताणून लावली तर चौदा वर्षं वनवास भोगलेला लक्ष्मण आत्ताच लग्नाच्या पंगतीतून उठून आल्यासारखा दिसतो.

दुसरा फेरफार भांडणाचा. टीव्ही घरोघरी गेला, थिएटरं ओस पडू लागली. तेव्हा घरच्या टीव्हीत मावणार नाही असं काहीतरी दाखवायचं म्हणून हॉलीवूडने १९५३ साली सिनेमास्कोप काढला, उंचीच्या दुपटीहून जास्त रुंद. आपल्याकडे गुरुदत्तने १९५९ साली भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट आणला. त्याचं नाव 'कागज के फूल'. तो पडला. कागद आणि रुंद पडदा यांचं जमत नाही, याचा आपल्या देशातला पहिला लेखी पुरावा मी हाच मानतो.

तिसरा फेरफार तडजोडीचा. १९८०च्या दशकात नव्या टीव्हीचा आकार ठरवायची वेळ आली, तेव्हा सिनेमावाल्यांचे पाच-सहा आकार आपापला हक्क सांगत होते. कर्न्स पॉवर्स नावाच्या इंजिनिअरने त्या सगळ्यांचे सारख्या क्षेत्राचे आयत केले आणि एकावर एक ठेवले. सगळे ज्यात मावतात तो बाहेरचा आयत आणि सगळ्यांना सामाईक असलेला आतला आयत, दोन्ही निघाले सोळास नऊच्या जवळपास. झाला निकाल. वाटणी म्हणून मला ती पसंत आहे. मी लिहिली असती तरी याहून बरी झाली नसती. तक्रार एवढीच की ती सिनेमाच्या भावकीतली वाटणी होती. सातबारा, खरेदीखत, मृत्युपत्र यांना हिस्सेदार म्हणून कुणी नोटीस बजावली नाही.

आणि एक दिवस त्या वाटणीचा अंमल लॅपटॉपवरही सुरू झाला. २००६ सालच्या थिंकपॅड टी ६० मध्ये चौकोनी हवा की रुंद, हे गिऱ्हाइकाला विचारत असत. चौकोनीत १४०० आडवे आणि १०५० उभे ठिपके असलेला पडदाही मिळायचा. दोनेक वर्षांत चौकोनी लॅपटॉप बाजारातून उठला. त्याच्या जागी आधी सोळास दहा आणि लगोलग सोळास नऊ आला. कारण साधं होतं. पडदे काचेच्या मोठमोठ्या तावांतून कापतात. टीव्ही सोळास नऊ, मॉनिटर सोळास नऊ, मग लॅपटॉपचा तुकडा तेवढा वेगळ्या मापाने कोण कापणार? वर कर्ण तोच आणि क्षेत्र कमी, म्हणजे काचही कमी. त्यानंतर कितीतरी वर्षं साध्या लॅपटॉपला १३६६ आडवे आणि ७६८ उभे ठिपके मिळत राहिले. त्याआधीच्या चौकोनी लॅपटॉपवर १०२४ आडवे आणि ७६८ उभे असत. म्हणजे प्रगती सगळी पूर्व-पश्चिम झाली. दक्षिण-उत्तर आम्ही होतो तिथेच राहिलो.

याचा त्रास कसा होतो, ते नवा लॅपटॉप घेईपर्यंत मी पुतण्याच्या रुंद लॅपटॉपवर काम करताना अनुभवलं. पुतण्याची तक्रार नव्हती. त्याला त्यात क्रिकेट दिसतं, आणि मैदान आडवंच असतं. मला काय दिसत होतं? वर बटणांची पट्टी, खाली विंडोजची पट्टी, यांनी उंचीचा चौथा हिस्सा तरी खाल्लेला. उरलेल्या फटीतून मी तालुक्याकडे पाहायचो. ए-फोर कागद पडद्यावर पूर्ण उभा केला की तो रुंदीचा शेकडा चाळीस भाग व्यापतो. डावी-उजवीकडचा साठ टक्के भाग नुसता करडा, ओसाड. आमच्या भाषेत पोटखराब. ना पीक, ना आकारणी. लीगल कागद घेतला तर लागवडीखाली तिसरा हिस्साच येतो, आणि अक्षरं एवढी बारीक होतात की विकणाऱ्याने काय विकलं हे घेणाऱ्यालाच नव्हे, लिहिणाऱ्यालाही कळू नये.

अक्षर वाचण्याजोगं मोठं केलं की कागद कमरेत तुटतो. खरेदीखतात आधी लिहून घेणार, मग लिहून देणार. पडद्यावर घेणारा दिसायचा, देणारा खाली गेलेला असायचा. खाली सरकून देणाऱ्याला आणावं तर घेणारा वर निघून जायचा. दोघांना समोरासमोर आणणं जिथे माझ्या धंद्याचं कामच, तिथे यंत्रच दोघांची भेट होऊ देईना.

सातबाऱ्याची तर फार शोभा झाली. एक म्हातारबाबा पाहत बसले होते. मी त्यांचा सातबारा उघडला. वर गाव नमुना सात, खाली गाव नमुना बारा. पडद्यावर सात आला.

"भाऊ, माहा बारा कुठं गेला?"

"खाली आहे, बाबा."

"खाली कुठं? पऱ्हाटीची नोंद त्याच्यातच हाय. तलाठ्यानं काढली तं नाही?"

मी खाली सरकवलं. बारा आला. बाबांच्या जिवात जीव आला. मग त्यांनी वर पाहिलं.

"अन् आता सात कुठं गेला? वावर तं माह्या नावावर हाय ना?"

त्यांची समजूत घालण्यात जेवढा वेळ गेला, तेवढ्यात दोन प्रतिज्ञापत्रं झाली असती.

आता न्यायाने बोलायचं तर रुंद पडद्याची बाजू मांडणारी व्यक्ती माझ्याच घरात राहते. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिच्याकडे वरून जे तक्ते येतात त्यांना शेवट नसतो. विद्यार्थ्याचं नाव, आईचं नाव, आधार, बँक खातं, उंची, वजन, गणवेश मिळाला का, बूट मिळाले का, मिळालेले बूट पायात होतात का, असे रकाने पूर्वेकडे निघतात ते थेट गडचिरोलीच्या हद्दीत शिरतात. चौकोनी पडद्यावर तिला मुलाचं नाव आणि त्याचे बूट एकाच वेळी दिसत नसत. एकदा तिसरीतल्या मुलीचं वजन तिने मोठ्या कष्टाने शोधलं आणि ते मुख्याध्यापकांच्या ओळीत निघालं.

"अहो, तुमचा कागद उभा असेल, माझा तक्ता आडवा आहे," ती म्हणाली. "आणि लॅपटॉप घरात एकच येणार आहे."

जिनिंगच्या मुनीमजींचंही हेच म्हणणं. कापसाच्या हंगामात गाडी नंबर, वजन, भाव, अडत, उचल असे रकाने शेजारी शेजारी लागतात. कापसाचा हिशेब आडवा आणि त्या कापसाच्या वावराचा वाद उभा, अशी ही एकाच तालुक्याची दोन तोंडं. शिवाय रुंद पडद्यावर जुनं खरेदीखत डावीकडे आणि नवं उजवीकडे लावून चतुःसीमा ताडून पाहता येतात, ही सोय मलाही नाकारता आली नाही. दोन उभे कागद शेजारी ठेवले की पोटखराब लागवडीखाली येतं. फक्त दोन्ही कागद मुंगीच्या अक्षरात वाचायची तयारी हवी.

पुतण्याने उपाय काढला. त्याने काहीतरी बटणं दाबली आणि पडद्यावरचं सगळं नव्वद अंशांत फिरलं. मग लॅपटॉप उचलून, उघड्या पुस्तकासारखा दोन्ही हातांत उभा धरायचा. पूर्ण खरेदीखत वरपासून खालपर्यंत एका नजरेत! दोन्ही हात धरण्यात गुंतल्यामुळे टाइप मात्र करता येत नव्हतं. समोरून जाणाऱ्या एका बाईंनी चपला काढून मला नमस्कार केला आणि कितवा अध्याय चालला आहे ते विचारलं.

अखेर जगाचंच डोकं ठिकाणावर येऊ लागल्याची बातमी पुण्यात कंपनीत नोकरी करणाऱ्या मुलीने दिली. मायक्रोसॉफ्टने २०१४ सालच्या सरफेस प्रो ३ ला तीनास दोन असा उंच पडदा दिला. अॅपलच्या मॅकबुक प्रोने सोळास दहा बरीच वर्षं सोडलाच नव्हता. २०२० साली डेलच्या एक्सपीएस १३ ने सोळास दहा धरला, २०२१ साली थिंकपॅडच्या एक्स १ कार्बनने. म्हणजे दशकभर सिनेमा दाखवून झाल्यावर कंपन्यांच्या लक्षात आलं की बिझनेस लॅपटॉप घेणारे लोक अधूनमधून बिझनेसही करतात.

मी पुन्हा नागपूर गाठलं. या वेळी खिशात टेप आणि घडी न घातलेला सातबारा. दुकानात एकेका लॅपटॉपच्या पडद्यावर मी सातबारा धरून पाहू लागलो. तोच उत्साही पोरगा धावत आला.

"सर, हे काय चाललंय?"

"मोजणी. लगतधारक म्हणून तुम्ही हजर राहिलात तरी चालेल."

चौदा इंचाचा सोळास दहा पडदा ११.९ इंच रुंद आणि ७.४ इंच उंच भरला. क्षेत्र ८८ चौरस इंच. चौकोनीपेक्षा सहा इंच कमी, पण सोळास नऊपेक्षा चार जास्त. उंचीत फायदा अर्ध्या इंचाचा. ज्यांना हा फायदा किरकोळ वाटतो, त्यांनी एक दिवस माझ्या शेडखाली बसावं. अर्ध्या फुटाच्या धुऱ्यासाठी सख्खे भाऊ दिवाणी कोर्टात केस काळे असताना शिरतात आणि पांढरे झाल्यावर पुढची तारीख घेऊन बाहेर येतात. मला अर्धा इंच विनावाद, विनाखर्च, ताब्यासह मिळत होता. मी तिथल्या तिथे पैसे मोजले.

घरी मिश्र स्वागत झालं. बायकोच्या तक्त्यात आता बूट दिसतात, पण ते पायात होतात का हा रकाना बाहेर राहतो. माझ्या खरेदीखतात घेणारा पूर्ण दिसतो, देणारा छातीपर्यंत. दोघांचं सारखंच नुकसान झाल्यामुळे वाटणी समसमान झाली आणि कुणालाही अपिलात जायला जागा राहिली नाही. पुतण्या म्हणतो, सिनेमाला वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. त्याला मी सांगितलं, हे पोटखराब तुझ्या हिश्श्याचं.

तुम्हाला धंद्यासाठी लॅपटॉप घ्यायचा असेल तर माझा फुकटचा सल्ला असा. खोक्यावरचे इंच विसरा. दिवसभर तुम्ही जे पाहता तो कागद उभा आहे की आडवा, ते आधी ठरवा. मग टेप सरळ धरा आणि पडद्याची उंची मोजा. रुंदीची चिंता नको. ती विकणारा आपणहून सांगतो.

हे सगळं परवा मी एका तरण्या शेतकऱ्याला नव्या लॅपटॉपवर सातबारा दाखवत समजावून देत होतो. चारास तीन, सोळास नऊ, सोळास दहा. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि खिशातून मोबाइल काढला. पंधरा रुपये भरून त्याने डिजिटल सहीचा सातबारा घरूनच काढून आणला होता. मोबाइल उभा धरून त्याने माझ्यासमोर नाचवला.

"भाऊ, माह्या याच्यात तं पुरा दिसते. सात बी अन् बारा बी."

खरंच पूर्ण दिसत होता. वरच्या बोधचिन्हापासून खालच्या शेऱ्यापर्यंत. एकेक अक्षर तिळाएवढं.

"वाचता येते का पण?" मी विचारलं.

"नाही येत. पण दिसते तं पुरा!" मग माझ्या लॅपटॉपकडे बोट करून म्हणाला, "मंग तुमी एवढं मोठं कायले घेतलं?"

"वाचायला."

त्याला ते पटलं. "बराबर हाय. वाचाचं काम तुमचंच," असं म्हणून त्याने मोबाइल माझ्या हातात दिला, आणि दोन चहा सांगायला टपरीकडे गेला.